भाचीचा हानामी आणि तीन थरांचा माचा टार्ट

जानेवारीच्या शेवटी नणंदेचा फोन आला. भाचीचं जपानचं जवळजवळ नक्की झालं होतं. नोकरी नागोयाजवळ, रुजू व्हायची तारीख १ एप्रिल. तिकडे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि नवी भरतीही त्याच दिवशी कामावर येते, त्यामुळे तारीख मागेपुढे होण्यातली नव्हती. "जायच्या आधी सगळ्यांना बोलवायचं. थीम हानामी. गोडाचं तू बघ," ताई एका दमात म्हणाल्या. मागून भाचीचा आवाज आला, "मामी, माचाचं काहीतरी कर. आणि केक नको, केक सगळेच आणतात." माचा म्हणजे जपानी हिरव्या चहाची बारीक पूड.

हानामी म्हणजे चेरीच्या बहराखाली चटया अंथरून बसायचं, खायचं, प्यायचं, गप्पा मारायच्या. नागोयाला हा बहर साधारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतो. म्हणजे ती तिकडे उतरेल तेव्हा खराखुरा चालू असणार, आणि आमचा त्याआधीचा, पुण्याच्या सदतीस डिग्रीतला. ताईंच्या मनात आधी सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान होतं, कारण ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. पण सार्वजनिक बागेत चाळीस माणसांची पंगत बसवता येत नाही, म्हणून त्यांच्या बाणेरच्या सोसायटीचं क्लबहाउस ठरलं.

मी बेकर नाही. दिवाळीचा फराळ, घरातले वाढदिवसाचे केक आणि कधीतरी चहाबरोबर सहा छोटे टार्ट, एवढाच माझा पल्ला. चाळीस जणांसाठी, तेही थरांचा आणि न कळणाऱ्या चहाचा टार्ट म्हटल्यावर पोटात गोळाच आला. कोणावर अशी वेळ आली तर हाताशी काहीतरी असावं म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

थर कशाचे, हे मात्र लवकर सुटलं. हानामीला तीन रंगांचा दांगो खातात: तांदळाच्या पिठाचे तीन गोळे एका काडीला ओवलेले, वर गुलाबी, मध्ये पांढरा, खाली हिरवा. तोच क्रम टार्टमध्ये घ्यायचा. हिरवा माचाचा, पांढरा दूध-सायीचा, गुलाबी महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा. हा क्रम दिसायला छान आहेच, पण त्याचा खरा फायदा नंतर कळला. त्याबद्दल पुढे सांगते.

मिनी टार्ट करावेत असं ज्याने-त्याने सुचवलं. मला ते पटलं नाही. छोट्या टार्टमध्ये थर वरून दिसतच नाहीत, माणूस एका घासात संपवतो आणि तुमची तीन दिवसांची मेहनत त्याला कळतही नाही. त्यापेक्षा २२ सेंटिमीटरचे चार मोठे टार्ट करून प्रत्येकाचे बारा तुकडे कापले की तिन्ही रंग समोर येतात. शिवाय चार पाऱ्या भाजणं हे अठ्ठेचाळीस पाऱ्या भाजण्यापेक्षा कितीतरी सोपं.

आता वाट बघण्याचा भाग. जपानच्या कामाच्या व्हिसासाठी आधी तिथल्या इमिग्रेशनकडून 'सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी' यावं लागतं. ते कंपनी तिकडे अर्ज करून मिळवते, आणि ते हातात आल्याशिवाय इथे व्हिसाचा अर्ज करून उपयोग नसतो. तिच्या कंपनीने डिसेंबरमध्ये अर्ज केला होता. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उलटला तरी कागद नव्हता, आणि कागद नाही तोवर ताई क्लबहाउसचे पैसे भरायला तयार नव्हत्या. मलाही माचा मागवता येईना, कारण तो आणून महिनोन्‌महिने ठेवायची वस्तू नव्हे. अखेर १९ फेब्रुवारीला प्रमाणपत्र आलं, मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हिसा लागला आणि पार्टी शनिवार, २१ मार्चला ठरली. गुरुवारी पाडवा, शनिवारी पार्टी. पाडव्याच्या दिवशी फ्रीजमध्ये चक्का असतो हे तारीख ठरवताना कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

क्लबहाउसचा अर्ज ताईंनी भरला, पण त्यातला एक रकाना माझ्या वाट्याला आला. भाडं २,५०० रुपये, डिपॉझिट ५,००० रुपये (परत हवं असेल तर कॅन्सल केलेला चेक जोडा), पाहुण्यांची यादी गाड्यांच्या नंबरांसकट, गाणी रात्री दहापर्यंत. आणि बाहेरून खाणं येणार असेल तर केटररचा एफएसएसएआय नोंदणी क्रमांक. आमचा केटरर जेवणापुरता होता, त्याचा नंबर मिळाला. माझ्या टार्टचं काय? ऑफिसातल्या माणसाला विचारल्यावर त्याने सांगितलं की घरच्याच नातेवाइकाने विकत न देता आणलेला पदार्थ असेल तर तसं सभासदाने साध्या कागदावर लिहून सही करावी. ताईंनी लिहून दिलं. असा कागद आधीच देऊन ठेवावा, कारण ऐन दिवशी गेटवर खोकी अडवली जातात. त्याच फेरीत क्लबहाउसच्या पॅन्ट्रीतला फ्रीजही बघून घेतला. एकच दाराचा, छोटा, आणि किल्ली मॅनेजरकडे, जो शनिवारी चारला येतो. माझ्या सगळ्या वेळापत्रकाचा शेवट त्या चार वाजण्याशी बांधला गेला.

माचा विकत घेणं हे वेगळंच प्रकरण निघालं. मला वाटायचं, ग्रीन टी दळला की माचा. तसं नाही. काढणीच्या आधी साधारण तीन आठवडे चहाच्या झाडांवर सावली धरतात. ऊन कमी मिळालं की पानात हरितद्रव्य वाढतं, आणि थिआनिन नावाचं गोडसर चवीचं द्रव्य टिकून राहतं. एरवी उन्हात त्याचं तुरट कॅटेचिन होत जातं. मग पानं वाफवतात, न वळता वाळवतात, देठ-शिरा काढतात आणि दगडी जात्यावर दळतात. एका जात्यातून तासाला जेमतेम ४० ग्रॅम पूड पडते, कारण भराभर दळलं की दगड तापतो आणि वास जातो. हे वाचल्यावर किमतीचा राग थोडा कमी झाला.

थोडाच. मागणी जगभर अशी वाढली आहे की क्योतोच्या इप्पोदो आणि मारुक्यू कोयामाएन या जुन्या पेढ्यांनी २०२४ च्या शरद ऋतूत ग्राहकाला किती द्यायचा यावर मर्यादा घातली होती. आपल्याकडे आयात शुल्क वर. मी पाहिलेल्या दोन संकेतस्थळांवर हवा तो माल संपलेला, तिसऱ्यावर मिळाला पण यायला आठ-नऊ दिवस लागतील असं लिहिलेलं. मी निशिओचा घेतला. माचासाठी क्योतोजवळच्या उजीचं नाव सगळ्यांना माहीत असतं. निशिओ आयची प्रांतात आहे, ज्या प्रांतात नागोया आहे. भाचीच्या नव्या गावच्या शेजारचा चहा.

डबीवर 'सेरेमोनियल' लिहिलेलं असलं की लोक भुलतात. जपानमध्ये या शब्दाला कुठलंही सरकारी प्रमाण नाही, विकणारा ठरवतो. ३० ग्रॅमची प्यायची डबी १,९०० रुपयांना होती आणि १०० ग्रॅमचं स्वयंपाकासाठीचं पाकीट १,६५० ला. मैत्रिणीकडे प्यायचा भारी माचा होता, त्यातला दोन चमचे मागून आणून दोन्ही पांढऱ्या चॉकलेटमध्ये घालून बघितले. भारी माचाची नाजूक चव साखर आणि लोण्यात बुडून गेली. स्वयंपाकाचा कडसर होता, तो उठून दिसला. तेव्हा टार्टसाठी महागडी डबी घेऊ नका. अगदी स्वस्तही घेऊ नका, ती पूड पिवळट निघते आणि तिला वाळल्या गवताचा वास येतो. कुठल्या भागातला आहे आणि कधी पॅक केला आहे हे छापलेलं हवं, आणि पाकीट उजेड आत न जाऊ देणारं हवं. आल्याबरोबर मी ते घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलं. वापरायच्या आधी डबा बंदच ठेवून बाहेर काढायचा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, नाहीतर गार पुडीवर हवेतलं पाणी बसून गुठळ्या होतात.

बरेच जण माचाचं कस्टर्ड करून टार्ट भाजतात. एक छोटा तसा मुद्दाम करून बघितला. ओव्हनमध्ये जाताना पोपटी होता, बाहेर आला तेव्हा पोलिसांच्या गणवेशाच्या जवळ गेला होता. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. उष्णता आणि आंबटपणा मिळाला की ते निसटतं आणि हिरव्याचा खाकी होतो. (पालकाची भाजी झाकण ठेवून शिजवली की होते तेच.) म्हणून ठरवलं की पारी तेवढी भाजायची, माचा ओव्हनमध्ये अजिबात घालायचा नाही. आणि इथे दांगोचा क्रम कामाला आला: आंबट स्ट्रॉबेरी सगळ्यात वर, माचा सगळ्यात खाली, दोघांच्या मध्ये दुधाचा थर. आंबट रस हिरव्याला शिवतच नाही.

सामान रविवार पेठेतून आणलं. पांढरं चॉकलेट घेताना वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचा. कोको बटर लिहिलं असेल तर खरं चॉकलेट. वनस्पती तूप लिहिलं असेल तर कंपाउंड. कंपाउंड निम्म्या किमतीत मिळतं आणि केकवर ओतायला ठीक आहे, पण क्रीमबरोबर त्याचा थर मेणचट लागतो. क्रीम ३५ टक्के स्निग्धांशाचं हवं. आपल्या नेहमीच्या छोट्या खोक्यातलं २५ टक्क्यांचं असतं, त्यात हे थर नीट जमून येत नाहीत.

एका टार्टचं माप देते. पारीसाठी मैदा २०० ग्रॅम, मीठ नसलेलं लोणी ११०, आयसिंग शुगर ७०, बदामाची पूड २५, चिमूट मीठ आणि पीठ जेमतेम गोळा होईल इतकं, म्हणजे दोन-तीन चमचे गार दूध. ताईंच्या सासरची मंडळी अंडं खात नाहीत, म्हणून अंड्याचा बलक नाही. बदामामुळे पारी तरीही खुसखुशीत होते. गार लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं, गोळा मळायचा नाही, नुसता दाबून एकत्र करायचा. तासभर फ्रीजमध्ये. मग दोन बटर पेपरांच्या मध्ये लाटायचं. मार्चमध्ये पोळपाटावर लाटायला जाल तर लोणी वितळून पोळपाटालाच चिकटेल. तळ निघणाऱ्या, साडेतीन सेंटिमीटर उंच डब्यात बसवून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवायचं, काट्याने टोचायचं, वर बटर पेपर घालून राजमा भरायचा. १७० डिग्रीला वीस मिनिटं, मग राजमा काढून आणखी बारा-पंधरा, रंग बिस्किटासारखा येईपर्यंत. तो राजमा नंतर शिजत नाही. बरणीत भरून 'भाजणीचा राजमा, उसळ नको' अशी चिठ्ठी लावली आहे, कारण आमच्याकडे चिठ्ठी नसलेलं सगळं शिजतं.

माझ्या ओटीजीत एका वेळी एकच डबा मावतो, त्यामुळे बुधवारची संध्याकाळ चार पाऱ्यांत गेली. गार झाल्यावर आतून वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात फिरवला. हे टाळू नका. हा पापुद्रा नसेल तर दोन दिवस ओल्या थरांखाली राहून पारी मऊ पडते.

गुरुवारी सकाळी गुढी, दुपारी श्रीखंड-पुरी. उरलेलं श्रीखंड शेजारी वाटून टाकलं तेव्हा कुठे फ्रीजचा मधला कप्पा मोकळा झाला. चार डबे आडवे मावतात का हे रिकाम्या डब्यांनी आधीच बघून ठेवलं होतं. रात्री हिरवा थर. २४० ग्रॅम चॉकलेट, १२० ग्रॅम क्रीम, २० ग्रॅम लोणी, १० ग्रॅम माचा. माचा बारीक चाळणीतून दोनदा चाळायचा. क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंतच तापवायचं, त्यातलं थोडं बाजूला काढून कोमट होऊ द्यायचं आणि त्यात माचा घालून पेस्ट करायची. कढत क्रीममध्ये कोरडी पूड टाकली की गोळ्या होतात, आणि त्या मग कशानेही मोडत नाहीत. उरलेलं क्रीम चॉकलेटवर ओतायचं, दोन मिनिटं थांबायचं, ढवळायचं, माचाची पेस्ट आणि लोणी घालायचं, हँड ब्लेंडर बुडवून फिरवायचं. ब्लेंडर वर उचलला की हवा शिरते आणि थरात भोकं पडतात, म्हणून तो तळाशीच ठेवायचा. कोमट झाल्यावर पारीत ओतलं. चमकदार, गडद हिरवं. रात्रभर फ्रीजमध्ये, वरून झाकून, कारण उजेडानेही रंग उडतो.

लहान मुलं येणार होती म्हणून कॅफीनचा हिशेब केला. जपानी अन्नघटकांच्या तक्त्यात माचात १०० ग्रॅमला ३.२ ग्रॅम कॅफीन दिलं आहे. एका टार्टमध्ये १० ग्रॅम माचा, बारा तुकडे, म्हणजे तुकड्याला साधारण २७ मिलिग्रॅम. एक कप कॉफीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. मुलांना अर्धा तुकडा द्यायचा असं ठरवलं आणि ताईंना तसं सांगून ठेवलं.

शुक्रवारचा पांढरा थर हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून करतात, त्यामुळे आमच्या पंगतीत चालणारं नव्हतं. उरतो आपला चायना ग्रास, म्हणजे अगार. जिलेटिनचं मिश्रण अगदी गार करून हळूच ओतता येतं. अगारचं तसं नसतं. तो उकळल्याशिवाय विरघळत नाही, आणि चाळीस डिग्रीच्या खाली उतरायला लागला की भांड्यातच धरतो. उलट फार गरम ओतला तर खालचं माचाचं गनाश (म्हणजे कालचा चॉकलेट-क्रीमचा थर) वितळून दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात. म्हणजे ओतायला मिळतात ती मधली जेमतेम पाच-सहा डिग्री.

माप असं: दूध १५० मिली, क्रीम २००, साखर ४५ ग्रॅम, अगारची पूड २ ग्रॅमला थोडी कमी. लडी घेऊ नका, लडीचं वजन आणि जोर सारखा नसतो. पूड दुधात घालून ढवळत उकळी आणली, दोन मिनिटं उकळू दिलं, क्रीम आणि साखर घातली, गॅस बंद केला. मग भांड्यात थर्मामीटर घालून उभी राहिले. सत्तर. बासष्ट. ढवळायचं थांबलं की कडेला पातळ साय धरायला लागते, ती साय नसून अगारच असतो, म्हणून रबरी उलथन्याने कड खरवडत राहायचं. पन्नासला फ्रीजमधून टार्ट काढला, वर जमलेलं दव टिश्यू पेपरने टिपलं आणि काट्याने गनाशवर उभ्या-आडव्या बारीक रेघा मारल्या. रेघा नसतील तर तुपकट थरावर अगारचा थर नुसता बसतो, धरत नाही, आणि कापताना अख्खा घसरून बाजूला येतो. सेहेचाळीसला ओतायला सुरुवात केली, पण थेट नाही: चमचा उपडा धरून त्याच्या पाठीवरून, म्हणजे धार एका जागी पडत नाही. हिरवं हललं नाही. पांढरं कडेपर्यंत पसरलं आणि डबा ओट्यावरून फ्रीजपर्यंत नेईस्तोवर थरथरायचं थांबलं होतं.

चारही टार्टचं मिश्रण एकदम करायचा मोह होतो. करू नये. दोन-दोनचं करावं, नाहीतर शेवटच्याला पोचेपर्यंत भांड्यात धरून बसतं. आणि बसलंच तरी घाबरायचं कारण नाही. अगार पुन्हा उकळला की पुन्हा पातळ होतो, चव बिघडत नाही.

गुलाबी थर त्यामानाने सोपा. मार्चमध्ये स्ट्रॉबेरीचा हंगाम उताराला लागलेला असतो. पेटीत सजवून ठेवलेली मोठी फळं घेऊ नका, सुट्या मिळणाऱ्या लहान, गडद, जरा आंबट घ्या. जॅमवाले तीच नेतात आणि भावही निम्मा असतो. ३०० ग्रॅम गर मिक्सरमधून काढून गाळणीतून गाळला, ५० ग्रॅम साखर घालून कोमट केला. दीड ग्रॅम अगार वेगळा, पाऊण वाटी पाण्यात दोन मिनिटं उकळून मग त्यात मिसळला. आंबट रसातच अगार उकळला तर त्याचा जोर जातो, आणि गर गार असेल तर अगार त्याला लागताक्षणी धाग्याधाग्यांनी गोठतो. बाकी ओतायची रीत तीच. दोन्ही थर अगारचे असल्यामुळे पांढरा पूर्ण कडक व्हायच्या आत, नुसता धरलेला असताना गुलाबी ओतला तर ते एकमेकांना छान चिकटतात. भाचीला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "मामी, हा गुलाबी नाही, लाल आहे." लालच होता. रंग घालायचा नव्हता, त्यामुळे तसाच राहू दिला.

वरची सजावट मात्र मला स्वतःला आवडली. चेरीच्या पाकळीला टोकाशी एक छोटी खाच असते. स्ट्रॉबेरी उभी, कागदासारखी पातळ कापली की चकती बदामाच्या आकाराची निघते आणि देठाकडची बाजू सुरीच्या टोकाने जराशी कोरली की ती खाच येते. पाच चकत्यांचं एक फूल, टार्टवर तीनच फुलं, बाकी जागा मोकळी. शनिवारी सकाळी ही फुलं लावली. रात्री लावली असती तर चकत्यांना पाणी सुटलं असतं.

तुकडे घरीच कापावेत की तिकडे, यावर बराच विचार केला. तिकडे कापले. अख्खा टार्ट डब्यात सुरक्षित असतो, कापलेला वाटेत घसरतो. सहकारनगर ते बाणेर, शनिवार दुपार, म्हणजे पाऊण तास धरून चाला. थर्माकोलच्या दोन खोक्यांत दोन-दोन टार्ट, बाजूंना बर्फाचे जेल पॅक, वर नाही (वर ठेवले की दव ठिबकतं). खोकी मागच्या सीटवर ठेवू नका, सीट मागे उतरती असते. पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधल्या सपाट जागेत ठेवा. एसी निघायच्या दहा मिनिटं आधी चालू केला. नवऱ्याने प्रत्येक गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवली, मागच्यांचे हॉर्न ऐकले आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

चारला मॅनेजर आला, फ्रीज उघडला, त्यात केटररचे कोल्ड्रिंकचे क्रेट आधीच विराजमान. टबात बर्फ मागवून ते बाहेर काढायला लावले. कापायला उंच भांड्यात गरम पाणी आणि पातळ, लांब सुरी: सुरी बुडवा, पुसा, सरळ खाली दाबा, पुन्हा पुसा. करवतीसारखी पुढे-मागे केली की लाल पांढऱ्यात ओढला जातो. पारीला लागल्यावर शेवटी एक जोर द्यायचा. पहिला तुकडा उचलला तेव्हा तिन्ही थर एकमेकांना धरून होते. मी तो ताटलीत ठेवून जरा वेळ खुर्चीवर बसले.

पार्टीबद्दल फार लिहीत नाही. चटया होत्या, कागदाची फुलं होती, भाचीने जपानी शिकताना पाठ केलेलं स्वागत म्हणून दाखवलं. ताईंच्या सासूबाईंनी पांढरा थर चाखून "हा तर खरवस की गं," असं जाहीर केलं आणि आणखी घेतला. भाचीच्या वर्गातल्या मुलींना हिरवा सगळ्यात आवडला. एका काकांनी वरचे दोन थर खाऊन हिरवा ताटलीत तसाच ठेवला, विचारलं तर म्हणाले, "चांगला आहे, पण गवतासारखा लागतो." माचा पहिल्यांदा खाणाऱ्या पुष्कळांना तसा लागतो. तुमच्या पंगतीत ज्येष्ठ मंडळी जास्त असतील तर माचा १० ऐवजी ७ ग्रॅम घ्या आणि चिमूटभर मीठ वाढवा. साडेआठला टार्ट संपले; केटररची गुलाबी खीर मात्र अर्धी उरली होती, त्यामुळे गोड थोडं जास्तच झालं म्हणायचं.

खर्च: माचा १,६५०, चॉकलेट १,४००, क्रीम ९००, लोणी ३४०, स्ट्रॉबेरी ३००, अगार १५०, बदाम १२०, मैदा-साखर-दूध १५०. एकूण ५,०१० रुपये, म्हणजे तुकड्याला शंभरापेक्षा थोडे जास्त. तळ निघणारे चार डबे, जेल पॅक आणि थर्माकोलची खोकी यांचे साधारण दीड हजार वेगळे, पण ते पुन्हा उपयोगी पडतील. माचाही बराच उरला आहे. उघडलेलं पाकीट महिना-दोन महिन्यांत संपवावं, म्हणून सध्या आमच्याकडे सकाळी तो गार दुधात घालून प्यायला जातो.

एप्रिलमध्ये स्ट्रॉबेरी संपल्यावर हाच टार्ट करायचा असेल तर वरच्या थराला मी आंबा घेणार नाही. रंग जुळत नाही आणि हापूसच्या वासापुढे माचा मुका होतो. जूनमधली जांभळं चालतील असं वाटतं, रंग गडद आला तरी. डिपॉझिट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ताईंच्या खात्यात परत आलं, साफसफाईचे दोनशे रुपये कापून. चटईवर लाल डाग पडला होता म्हणे.